एकाच शेतात दोन वाटांनी गेलेला नत्र: मक्याच्या पिवळ्या पडलेल्या पिकाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण भारी, चिकण मातीच्या एका शेताचे आहे. शेताचा ठिकाणा आणि शेतमालकाची ओळख येथे दिलेली नाही. शेताचा वरचा भाग मंद उताराचा आहे, तर खालचा पट्टा खोलगट असून पावसाचे पाणी तिथे रेंगाळते. आदल्या हंगामात गहू होता. कापणीनंतर काड न जाळता बारीक करून शेतभर पसरले गेले आणि मक्याच्या पेरणीच्या थोडेच आधी रोटाव्हेटरने वरच्या थरात मिसळले गेले. पेरणीबरोबर पालाशासाठी म्युरिएट ऑफ पोटॅश (पोटॅशियम क्लोराइड) दिले होते आणि हंगामाला लागणारा सगळा नत्र युरियाच्या रूपाने एकदाच दिला होता. उगवण चांगली झाली. पुढचे साधारण तीन आठवडे उबदार आणि बेताच्या ओलाव्याचे गेले. त्यानंतर पावसाची लांबलचक झड लागली.

या क्रमाला पुढे फार महत्त्व आले, म्हणून त्या तीन आठवड्यांत जमिनीत काय घडत होते ते आधी सांगणे आवश्यक आहे. युरियात ४६ टक्के नत्र असतो, पण युरिया हे अनेक सूक्ष्मजीवांचे कच्चे अन्नच म्हणायला हवे. त्यांच्या युरिएज या विकरामुळे (एन्झाइममुळे) काही दिवसांतच युरियाचे अमोनियममध्ये रूपांतर होते. अमोनियमवर धन प्रभार असल्याने चिकणमातीचे ऋण प्रभारित कण त्याला धरून ठेवतात. मग नायट्रीकरण करणारे जीव कामाला लागतात. नायट्रोसोमोनास व नायट्रोसोस्पायरा हे जिवाणू आणि आर्किया या जिवाणूंहून वेगळ्या एकपेशीय गटातील काही जीव अमोनियाचे नायट्राइट करतात, तर नायट्रोबॅक्टर व नायट्रोस्पायरा नायट्राइटचे नायट्रेट करतात. ही दोन कामे दोन वेगळ्या गटांचीच आहेत असे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राडस्कीच्या १८९० च्या सुमाराच्या शोधांपासून मानले जात होते. दोन्ही पायऱ्या एकटाच पार पाडणारा नायट्रोस्पायराचा प्रकार २०१५ मध्ये सापडला, तेव्हा हे चित्र बदलले. या साऱ्या जीवांना प्राणवायू लागतो आणि उबदार, वाफशावर असलेली जमीन त्यांना सर्वाधिक मानवते. म्हणजेच झड लागण्यापूर्वीच दिलेल्या नत्राचा मोठा भाग नायट्रेट होऊन बसलेला होता. नायट्रेटवर ऋण प्रभार असतो, त्यामुळे मातीचे कण त्याला धरत नाहीत. ते पाण्याबरोबर मोकळे फिरते.

अडचण

पाऊस ओसरल्यावर जवळजवळ सगळे शेत पिवळे दिसू लागले. पिवळेपणा खालच्या, जुन्या पानांवर होता. तो पानाच्या टोकापासून मध्यशिरेच्या बाजूने आत सरकत इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसत होता. मक्यातील नत्राच्या कमतरतेची ही खूण परिचित आहे, कारण नत्र कमी पडला की झाड जुन्या पानांतला नत्र काढून कोवळ्या पानांना देते. गंधकाची कमतरता असती तर पिवळेपणा आधी कोवळ्या पानांवर आला असता. त्यामुळे पिकाला नत्र मिळत नाही, यावर फारसे दुमत नव्हते.

शेतमालकाचे म्हणणे सरळ होते: पावसाने खत वाहून गेले, तेव्हा तेवढाच युरिया पुन्हा फेकावा. हे म्हणणे चुकीचेच आहे असे म्हणण्याइतकी माहिती त्या वेळी कोणाकडेही नव्हती. पण एक गोष्ट त्यात बसत नव्हती. वरच्या भागात, बांधालगतच्या एका पट्टीवरचे काड जनावरांसाठी आधीच उचलून नेले होते. तीच माती, तोच उतार, तेच खत आणि तोच पाऊस असूनही ती पट्टी हिरवीगार होती. नत्र केवळ पाण्याने धुऊन गेला असता तर या पट्टीतूनही गेला असता.

पहिला निर्णय: आधी खत की आधी तपासणी

मक्याची नत्राची गरज झाड गुडघ्याएवढे झाल्यापासून तुरा येईपर्यंत झपाट्याने वाढते, म्हणून तपासणीत जाणारा प्रत्येक दिवस महाग होता. तरीही थांबण्याचा निर्णय घेतला गेला आणि त्यामागचे कारण नीट मांडणे योग्य होईल. मातीच्या अहवालात नत्र कमी दिसण्याची कारणे तीन असू शकतात. तो खाली झिरपला असेल, वायू होऊन हवेत गेला असेल किंवा जमिनीतच सूक्ष्मजीवांच्या शरीरात अडकून पडला असेल. प्रयोगशाळेतला आकडा तिन्ही वेळा सारखाच येतो. उपाय मात्र तिन्हींचे वेगळे आहेत. खाली झिरपलेला नत्र खोल गेलेल्या मुळांना कदाचित मिळेल, हवेत गेलेला मिळणार नाही आणि अडकलेला काही काळाने आपोआप सुटेल.

वरचा भाग, खोलगट पट्टा आणि काड नसलेली हिरवी पट्टी अशा तीन ठिकाणांहून तीन-तीन खोलींवरचे नमुने घेतले. नमुने पिशवीत घालताच बर्फाच्या पेटीत ठेवले, कारण उबदार पिशवीतही जिवाणूंचे काम थांबत नाही आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत अमोनियम व नायट्रेटचे आकडे बदलून जातात. नत्राच्या तपासणीत ही साधी काळजी किती वेळा घेतली जात नाही, हे पाहून खरोखर वाईट वाटते. एवढ्या एका ढिलाईने बाकीची सगळी अचूकता निरर्थक ठरते.

नायट्रेट आणि अमोनियमबरोबर क्लोराइडही मोजायचे ठरले. हा या प्रकरणातला सर्वांत उपयोगी निर्णय होता. क्लोराइड पालाशाच्या खतातून शेतभर सारखे पडले होते. तेही नायट्रेटप्रमाणे ऋण प्रभारित असते आणि पाण्याबरोबर तसेच वाहते. फरक एवढाच की जमिनीतले सूक्ष्मजीव ते वायूत बदलत नाहीत. जिथून क्लोराइड गेले आहे तिथून नायट्रेट झिरपले असणे शक्य आहे. पण जिथे क्लोराइड जागेवर आहे आणि नायट्रेट नाही, तिथे नायट्रेटला पाण्याने नेलेले नाही.

शेतात काय आढळले

खोलगट पट्ट्यात कुदळीने उघडलेल्या खड्ड्यात वीतभर खोलीवर घट्ट थर लागला. जड यंत्रे ओल्या जमिनीवरून फिरल्याने आणि दरवर्षी एकाच खोलीवर मशागत झाल्याने तो तयार झाला होता. त्याच्या वरची माती राखाडी होती आणि जुन्या मुळांच्या वाटांभोवती गंजाच्या रंगाच्या रेषा होत्या. ढेकूळ फोडले की कुजका वास येत होता. ताज्या फोडलेल्या पृष्ठभागावर डायपिरिडिलच्या द्रावणाचा थेंब टाकताच तो काही क्षणांत गुलाबी-लाल झाला. हा रंग फेरस लोहाशी येतो आणि प्राणवायू असलेल्या मातीत फेरस लोह टिकत नाही. म्हणजे तिथल्या सूक्ष्मजीवांना श्वसनासाठी प्राणवायू तर मिळत नव्हताच, पण त्याच्या जागी वापरण्याजोगे नायट्रेटही संपले होते आणि ते आता लोहावर भागवत होते. जमिनीतला प्राणवायू संपला की सूक्ष्मजीव आधी नायट्रेट वापरतात आणि ते संपत आल्यावर लोहाकडे वळतात. त्यामुळे हा गुलाबी थेंब म्हणजे नायट्रेट केव्हाच खर्च झाल्याचा पुरावा होता.

अहवालाने तेच सांगितले. खोलगट पट्ट्यात नायट्रेट वरच्या थरात जवळजवळ नव्हते आणि घट्ट थराच्या खालीही नव्हते. क्लोराइड मात्र वरच्या थरातच भरपूर होते. उतारावरून वाहून आलेल्या पाण्याने थोडे क्लोराइड इथे आणले असण्याची शक्यता धरली, तरी घट्ट थरातून पाणीच उतरले नव्हते हे उघड होते. निष्कर्ष विनायट्रीकरणाचा निघत होता. स्यूडोमोनास, पॅराकॉकस यांसारखे जिवाणू प्राणवायू असताना तोच वापरतात. तो नसला की नायट्रेटचे नायट्राइट, मग नायट्रिक ऑक्साइड, मग नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी नायट्रोजन वायू करतात. हवेत ७८ टक्के असलेला हा वायू पिकाला थेट उपयोगी नाही, कारण त्याच्या रेणूतला तिहेरी बंध तोडण्याची क्षमता वनस्पतीत नाही. पायऱ्या पूर्ण न होता साखळी मध्येच थांबली, तर बाहेर पडणारा नायट्रस ऑक्साइड हवामानासाठी गंभीर आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात तो वजनागणिक कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता अडवतो.

वरच्या भागात चित्र निराळे होते. माती मोकळी होती, डायपिरिडिलला रंग आला नाही, मुळे पांढरी आणि निरोगी होती. नायट्रेट आणि अमोनियम दोन्ही कमी होते. पण फावड्यात आलेल्या मातीत गव्हाचे काड अर्धवट कुजलेल्या, तपकिरी, बुरशीच्या पांढऱ्या तंतूंनी बांधलेल्या तुकड्यांच्या रूपात जागोजागी दिसत होते. हिरव्या पट्टीत ते नव्हते आणि तिथे नायट्रेट पुरेसे होते.

गव्हाच्या काडात कर्ब आणि नत्राचे प्रमाण साधारण ८० ला १ असते, तर सूक्ष्मजीवांच्या शरीरात ते ८ ला १ च्या आसपास असते. एक टन काडात सुमारे ४०० किलो कर्ब आणि ५ किलो नत्र धरू. त्यातला एक तृतीयांश कर्ब सूक्ष्मजीवांनी शरीरबांधणीसाठी वापरला, तर त्यांना १६ ते १७ किलो नत्र लागतो. काडातून मिळतात पाच. उरलेले ११ ते १२ किलो ते मातीतल्या अमोनियम आणि नायट्रेटमधून घेतात. सगळे काड एकदम कुजत नाही, म्हणून ही ओढ काही आठवड्यांत विभागली जाते. पण नेमक्या त्याच आठवड्यांत मक्यालाही नत्र हवा होता. अन्नद्रव्याच्या या स्पर्धेत मुळांच्या आधी जिवाणू आणि बुरशी पोहोचतात. नत्र शेतातच होता, फक्त जिवंत शरीरांत बंद होता.

एकच काड, एकच युरिया आणि एकच पाऊस असूनही दोन भागांत नत्राच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि त्या प्राणवायूने ठरवल्या. वर काडाने नत्र सूक्ष्मजीवांच्या शरीरात बांधला. खाली त्याच काडाने विनायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंना कर्बाचे इंधन पुरवले आणि कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपवून त्यांचे काम सोपे केले.

विचारात घेतलेले पर्याय

सगळीकडे पुन्हा युरिया फेकणे हा पहिला पर्याय होता. वरच्या भागात फेकलेला युरिया थेट काडाच्या थरावर पडला असता. काडावर युरिएजची क्रिया जोरात असते आणि दाण्याभोवतीचा सामू (पीएच) वाढून बराच नत्र अमोनिया वायूच्या रूपाने उडाला असता. उरलेला सूक्ष्मजीवांनीच घेतला असता. खाली तर कुजक्या, दमट मातीत जिवाणूंना नवा पुरवठा करण्यासारखेच ते होते.

काहीच न करता थांबणे हा दुसरा पर्याय. वरच्या भागापुरता तो शास्त्राला धरून होता, कारण काडातला कर्ब कमी झाला की सूक्ष्मजीव मरू लागतात आणि त्यांच्या शरीरातला नत्र खनिजीकरणातून पुन्हा अमोनियम होतो. प्रश्न फक्त वेळेचा होता.

पानांवर युरियाची फवारणी सुचवली गेली. तिने रंग लवकर सुधारतो, पण पाने न करपता देता येणारी मात्रा पिकाच्या एकूण गरजेच्या मानाने फार थोडी असते. ॲझोटोबॅक्टरचे जिवाणू खत द्यावे, अशीही सूचना आली. हा जिवाणू मुक्तपणे राहून हवेतला नत्र स्थिर करतो हे खरे, पण नत्राचा एक रेणू फोडायला नायट्रोजिनेज विकर एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक पदार्थाचे १६ रेणू खर्च करते. एवढी ऊर्जा देणारा सहज वापरता येणारा कर्ब मुळांच्या आसपास मर्यादितच असतो. उभ्या पिकाची तातडीची भूक त्यातून भागली नसती. जिवाणू खतांबद्दल मला आदर आहे आणि म्हणूनच ती अशा वेळी उपचार म्हणून दिली जाऊ नयेत असे वाटते. अपेक्षा पूर्ण झाली नाही की दोष त्या जीवांवर जातो.

शेवटी दोन्ही भाग वेगळे धरून वेगळे उपचार करण्याचा पर्याय स्वीकारला गेला.

केलेली कार्यवाही

खोलगट पट्ट्यात आधी पाणी काढायचे आणि खत नंतर द्यायचे, असा क्रम ठरला. सर्वांत जास्त वाद याच निर्णयावर झाला, कारण पीक तिथेच सर्वाधिक पिवळे होते आणि तिथेच खत थांबवायचे होते. उताराच्या दिशेने उथळ चर काढले. जमीन वाफशावर आल्यावर आणि डायपिरिडिलचा रंग वरच्या थरात येईनासा झाल्यावरच खत दिले.

कोणत्या रूपातला नत्र द्यावा हा पेच त्यानंतरचा होता. नायट्रेटयुक्त खत मुळांना लगेच मिळते, पण पुन्हा पाऊस तुंबला तर तेच सर्वांत आधी जाते. अमोनियमचे विनायट्रीकरण थेट होत नाही. त्याला आधी नायट्रेट व्हावे लागते आणि त्यासाठी प्राणवायू लागतो. मका अमोनियमही घेऊ शकतो. हवामान अजून भरवशाचे नव्हते, म्हणून अमोनियम सल्फेट निवडले आणि तेही थोड्या मात्रेत, ओळीच्या बाजूला पेरून दिले.

वरच्या भागात युरिया ओळीलगत, काडाच्या थराखाली मातीत पेरून दिला. असे ओळीलगत पेरलेल्या खताचा थोड्याच सूक्ष्मजीवांशी संबंध येतो आणि मुळांना त्याचा मोठा वाटा मिळतो. मात्रा मूळ शिफारशीच्या मानाने कमी ठेवली, कारण अडकलेला नत्र पुढे सुटणार होता. दोन्ही भागांत खत न देता एकेक अरुंद पट्टी तुलनेसाठी सोडावी, असा आग्रह तपासणी करणारे म्हणून आम्ही धरला. डोळ्यांसमोर पिवळे पडणारे तास तसेच ठेवणे शेतमालकाला पटत नव्हते, आणि ती नाराजी अगदी समजण्यासारखी होती. वरच्या पट्टीला त्यांनी मान्यता दिली. खालच्या पट्टीला दिली नाही.

परिणाम

वरच्या भागात खत दिलेल्या ओळींची नवी पाने आधी हिरवी झाली. खत न दिलेली पट्टीही पुढे आपोआप सावरली. काडाचे तुकडे हातात कुस्करता येऊ लागले त्याच सुमारास तिच्या वरच्या पानांचा रंग गडद झाला आणि मातीत नायट्रेट पुन्हा दिसू लागले. अडकलेला नत्र सुटतो हे यातून स्पष्ट झाले. पण तोवर तुरा येऊन गेला होता आणि त्या पट्टीतली कणसे टोकाकडे भरली नाहीत. थांबण्याचा पर्याय शास्त्राने बरोबर असूनही पिकाच्या वेळापत्रकात बसत नव्हता.

खोलगट पट्ट्यात सुधारणा अर्धवट झाली. चरांच्या जवळची झाडे सावरली. ज्या कोपऱ्यात चर नेता आला नाही, तिथे खत देऊनही फरक पडला नाही. उपटलेल्या झाडांची मुळे तपकिरी आणि मऊ झाली होती. तिथला पिवळेपणा नत्र संपल्याइतकाच मुळे गुदमरल्याचाही होता. खालची तुलनेची पट्टी नसल्यामुळे सावरण्यात चराचा वाटा किती आणि अमोनियम सल्फेटचा किती, हे वेगळे करता येत नाही.

हंगाम संपून जमीन कोरडी झाल्यावर घट्ट थर सबसॉयलरने (खोल नांगरटीच्या अवजाराने) फोडला आणि पुढच्या हंगामात पूर्ण शेतात ब्रॅडीरायझोबियम या मुळांच्या गाठींत राहून नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूची बीजप्रक्रिया केलेले सोयाबीन घेतले. थर फुटलेल्या भागात मुळांवरच्या गाठी नखाने चिरल्या की आतून लालसर गुलाबी दिसत होत्या. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा असतो. ते जिवाणूला श्वसनापुरता प्राणवायू पोहोचवते आणि त्याच वेळी नायट्रोजिनेजला मोकळ्या प्राणवायूपासून जपते, कारण हे विकर प्राणवायूने निकामी होते. यंत्र वळू न शकलेल्या कोपऱ्यात थर तसाच होता. तिथल्या गाठी थोड्या, बारीक आणि आतून पांढुरक्या होत्या. आदल्या वर्षी मक्याने जिथे दाद दिली नव्हती, तोच हा कोपरा होता.

काय वेगळे करता आले असते

मुख्य निर्णय पेरणीच्या वेळचा होता. नत्र दोन-तीन हप्त्यांत दिला असता, तर झड लागली तेव्हा जमिनीत इतके नायट्रेट साठलेलेच नसते. काड जाळू नये हे ठाम मत कायम आहे. पण ते पेरणीच्या बरेच आधी मिसळले असते किंवा न मिसळता पृष्ठभागावर आच्छादन म्हणून ठेवले असते, तर सूक्ष्मजीवांची ओढ आणि मक्याची गरज एकाच वेळी आली नसती. आच्छादनाचा मातीशी संपर्क कमी असल्याने ते हळू कुजते. मात्र त्यावर युरिया फेकायचा नाही, हे पथ्य तेव्हा अधिकच कडक पाळावे लागते.

डीसीडी किंवा डीएमपीपी यांसारखे नायट्रीकरण मंदावणारे पदार्थ युरियाबरोबर दिले असते, तर अमोनियम अधिक काळ अमोनियमच राहिले असते. खोलगट पट्ट्यापुरता हा उपाय विचार करण्याजोगा आहे, पण डीसीडी स्वतः पाण्यात सहज विरघळून वाहून जाते आणि उबदार मातीत लवकर मोडते. घट्ट थर तसाच ठेवून त्याच्यावर विसंबणे मला योग्य वाटत नाही.

विनायट्रीकरणाचा निष्कर्ष इथे वायू मोजून काढलेला नाही. क्लोराइड, लोह आणि घट्ट थर यांच्या एकत्रित साक्षीवरून काढलेला आहे. जमिनीवर बंद पेट्या ठेवून नायट्रस ऑक्साइड मोजता आला असता. उरलेल्या नायट्रेटमधील नत्राची समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू) तपासणे हाही एक मार्ग होता. जिवाणू हलका नत्र-१४ आधी वापरतात, त्यामुळे विनायट्रीकरणानंतर उरलेल्या नायट्रेटमध्ये नत्र-१५ चे प्रमाण वाढते. नुसत्या झिरपण्याने असा फरक पडत नाही. पण खोलगट पट्ट्यात मोजण्याइतके नायट्रेटच उरले नव्हते, म्हणून ही तपासणी पावसानंतर लगेच व्हायला हवी होती.

मक्याच्या पुढच्या हंगामासाठी शेतमालकाशी ठरलेली योजना अशी आहे: पेरणीला थोडाच नत्र द्यायचा, झाडे साधारण ३० सेंटिमीटर उंच झाली की वरच्या ३० सेंटिमीटर थरातले नायट्रेट दोन्ही भागांत स्वतंत्रपणे मोजायचे, आणि नायट्रेट-नत्र किलोमागे २० ते २५ मिलिग्रॅमहून कमी असेल तिथेच दुसरा हप्ता द्यायचा. यंत्र न वळलेल्या कोपऱ्यात घट्ट थर हाताने फोडून होईपर्यंत मका लावायचा नाही. खोलगट पट्ट्यात तुलनेची एक पट्टी ठेवायलाही या वेळी त्यांनी होकार दिला आहे.